दिव्याचा कान

गेल्या रविवारी वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक माझ्या मांडीवर पडले आणि ते वाचताच मी चहा बाजूला सारला. शहरात नव्याने उघडलेल्या विद्युत-उपकरणांच्या एका दुकानाचे ते पत्रक होते. वर ठळक अक्षरांत छापले होते : 'बेळगावात प्रथमच! आवाजावर चालणारा घरगुती दिवा!'

'प्रथमच' या शब्दाखाली मी तांबड्या शाईची रेघ ओढली. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या माणसाला खोटे विधान सोसत नाही, मग ते शपथेवर केलेले असो वा गुळगुळीत कागदावर. ताबडतोब हरकतीचे पत्र लिहायला बसलो. 'महोदय, आपले उपरोक्त विधान वस्तुस्थितीस धरून नाही. आवाजावर चालणारा दिवा या शहरात, अनगोळात, आमच्या गल्लीत, आपल्या दुकानाचा पाया खणला जाण्यापूर्वी कित्येक वर्षे लागत व विझत होता. तो माझे शेजारी परशराम यांनी स्वहस्ते तयार केला होता.'

इथे लेखणी थांबली. पुढच्या परिच्छेदात पुरावा द्यायला हवा, आणि पुरावा म्हणजे तो सबंध माणूस! तो दुकानाच्या पत्रात मावणार नाही. परशराम आता हयात नाहीत. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मी आहे. तेव्हा पत्र बाजूला ठेवतो आणि साक्ष नोंदवतो.

परशराम मूळचे येळ्ळूरचे. शेत धाकट्या भावाकडे सोडून ते अनगोळात आमच्या समोरच्या घरात राहायला आले. घर दोन खोल्यांचे, पुढे सोपा, म्हणजे ओसरी, आणि सोप्यावर दुरुस्तीचे दुकान. आधी रेडिओ, मग दूरदर्शन संच. पुढे संच पापडासारखे पातळ झाले आणि बिघडले की फेकायचे, असा काळ आला, तेव्हा मिक्सर, पंखे आणि शेतातल्या पंपांचे स्टार्टर. अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा सदरा. लोक खिशाला पेन लावतात तसा त्यांच्या खिशाला टेस्टर.

त्यांच्या कामाची पद्धत अशी, की यंत्र कोणतेही असो, उघडण्याआधी ते त्याला कान लावत. डोळे मिटून, गाल टेकवून. गिऱ्हाईक बोलू लागले की बोट वर करीत. पंप असला तर लाकडी दांड्याचे एक टोक पंपाला आणि दुसरे कानाला. पोट दुखते म्हणणाऱ्या लेकराच्या पोटाला आई कान लावते, अगदी तसे! बराच वेळ ऐकून झाले की म्हणत, "सांगितलं बघा त्येनं." आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत.

"सायेब, बोलणारी यंत्रं जगात लई झाली," हे त्यांचे ठरलेले वाक्य. "ऐकणारं एक बी न्हाय."

मला ते 'शिरस्तेदार सायेब' म्हणत. मी मराठीत दिलेल्या अर्जाला वीज कंपनीकडून कन्नडमध्ये आलेले उत्तर मराठीत मागवण्याचा माझा पत्रव्यवहार तेव्हा चौथ्या वर्षात होता. त्यातले एक जळजळीत पत्र मी त्यांना सोप्यावर बसून वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "पत्रात करंट लई हाय, सायेब. अर्थिंग न्हाय." त्या रात्री मी सात विशेषणे खोडली. पत्राला तीन आठवड्यांत उत्तर आले, आणि तेही मराठीत!

आता दिवा. दूरचित्रवाणीवर परदेशी वाहिन्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या. कुणाच्या तरी घरी संच दुरुस्त करताना परशरामांनी एक जाहिरात पाहिली : गोरी म्हातारी अंथरुणावर पडल्या पडल्या दोन टाळ्या वाजवते आणि उशाजवळचा दिवा विझतो. तशी टाळीची ती जादू आपल्याला नवीन नव्हती. हिंदी चित्रपटातला रेशमी गाऊन घातलेला धनवान दिवाणखान्यात उभा राहून टाळी वाजवतो आणि झुंबरे उजळतात, हे आपण सर्वांनी तिकीट काढून पाहिलेले आहे. विनोदी नकला करणारे त्यावर हमखास हशा मिळवीत. लग्नघरात वीज गेली की कोणीतरी टाळी वाजवून 'लाव रे दिवा!' म्हणायचाच. टाळीवर लागणारा दिवा म्हणजे साऱ्या देशाने मान्य केलेली श्रीमंतीची व्याख्या होती. आपल्या घरात टाळी वाजवली तर फार तर डास मरायचा.

परशरामांनी मात्र त्यातले वेगळेच पाहिले. "श्रीमंताला उठायचा कंटाळा, म्हणून टाळी," ते मला म्हणाले. "पर ज्येला उठताच येत न्हाय, त्येच्यासाठी कोण करणार?"

त्यांचे वडील, आबा, गुडघ्यांनी जखडलेले होते. त्यांच्या खोलीसाठी परशरामांनी जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक आणि बाद झालेल्या स्टॅबिलायझरमधला, टक् करून वीज जोडणारा-तोडणारा रिले काढून पहिला टाळीचा दिवा जोडला. आम्ही सगळे पाहायला गेलो. आबांनी टाळी वाजवली. टक्! दिवा लागला! म्हातारा लहान मुलासारखा हसला. पुन्हा टाळी. टक्! अंधार! माझ्या तोंडून 'वा!' निघून गेले, आणि मी असे उद्गार सहसा काढत नाही.

संध्याकाळी घोटाळा झाला. आबा जुन्या वळणाचे. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, ही त्यांची जन्माची सवय. जांभई आली, चुटकी वाजली, दिवा गेला. अंधारात दुसरी जांभई, दुसरी चुटकी, दिवा आला.

"परशा, ह्यो दिवा मला चिडवायलाय रं!" आबांचा आवाज गल्लीभर गेला.

"आबा, चुटकी नगा वाजवू की."

"मग काय रं, जांभईत माशी जाऊ दे व्हय?"

बातमी पसरली. जाणारा-येणारा आबांच्या खिडकीबाहेर टाळी वाजवून पुढे जाऊ लागला. दूधवाला वाजवी, गिरणीवाला वाजवी, देवळातून परतणाऱ्या बायका पदराआड हसत वाजवीत. मला तो उपद्रव सहन होईना. मी परशरामांना कलमवार नोटीस पाठवली, ती रजिस्टर पोस्टाने, चार पावलांवरच्या घरी.

नोटीस हातात घेऊन ते आले. रागावलेले मुळीच नव्हते. "सायेब, पोस्टमन बिचारा लई लांबनं आला," ते म्हणाले. "खिडकीतनं हाक मारला असता, तर मी ऐकलो असतो."

मी नोटीस परत घेतली आणि फायलीला लावली. ती आजही तिथेच आहे.

गणपतीत त्या दिव्याने कहर केला. आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष महादेव हौशी माणूस. टाळी वाजवली की मूर्तीमागची रोषणाई झळकावी, असा त्याचा हट्ट. परशरामांनी तसे जोडून दिले. उद्घाटनाला पाहुण्यांनी एक टाळी वाजवली, रोषणाई झळकली, वाहवा झाली. आणि मग आरती सुरू झाली.

आरतीला टाळ्या वाजवतात, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते! जन्मभर टाळ्या वाजवीत आरती म्हटलेली माणसे आम्ही. त्यामुळे आरतीतल्या टाळीला आवाज असतो, याचाच विसर पडला होता. पहिल्या टाळीला गणपती अंधारात. दुसरीला उजेडात. लय वाढली तसा गणपती लपाछपी खेळू लागला. रिले सुतारपक्ष्यासारखा टकटकत होता. भटजींच्या हातातले तबक डगमगले, बायकांना हसू आवरेना, आणि हसता हसताही टाळ्या थांबेनात, कारण आरती मध्येच सोडायची नसते! परशराम वायर काढायला धावले, तर महादेवच आडवा.

"हात लावायचा न्हाय परशाण्णा! असली लायटिंग कोल्हापुरात बी न्हाय!"

पुढच्या वर्षी येळ्ळूरपासून खानापूरपर्यंतची मंडळे त्यांच्या सोप्यावर आली. आरतीला नाचणारे दिवे हवेत! जंगलाकडच्या जांबोटीला जाऊन राहिलेला त्यांचा मेहुणा तेवढा खवचट. म्हणाला, "दाजी, आमच्याकडं टाळी मारून काय उपेग? आधी करंट तर येऊ दे. आमी टाळी मारायची, ती करंट आल्यावर!"

सगळे खूश होते. परशराम नव्हते. "लोकं हसली, बरं वाटलं," ते मला म्हणाले. "पर यंत्र चुकलंय, सायेब. कुणाचं ऐकायचं, ते त्येला कळंना. सगळ्यांचं ऐकतंय म्हंजे कुणाचंच ऐकत न्हाय."

बरीच वर्षे गेली. आबा गेले. टाळीचा दिवा फळीवर जाऊन बसला. आणि चार-पाच वर्षांपूर्वी परशरामांच्या पत्नीला, ताराक्कांना, अर्धांगवायूचा झटका आला.

ताराक्कांचे माहेर निपाणीचे. तिथे त्या लहानपणापासून विड्या वळत असत, आणि लग्नानंतरही अनगोळात कित्येक वर्षे त्यांनी ते काम केले. मांडीवर सूप, सुपात पाने नि तंबाखू, आणि बोटे अशी चालत की पाहणाऱ्याचे डोळे थकावेत. झटक्याने उजवी बाजू पूर्ण गेली. डावा हात वाचला, पण त्याची बोटे आधीच विड्या वळून वळून वाकलेली. बोलणे गेले. उरला एक 'अं' एवढाच आवाज.

त्या घरात एक गोष्ट कधी चुकली नव्हती. दिवेलागणीला ताराक्का देवापुढे समई लावीत आणि सोप्यावरचा दिवा लावीत. परशराम बाहेरच्या कामावरून येत, ते उजेडाच्या घरात. झटक्यानंतर एका संध्याकाळी त्यांना मच्छे गावाच्या बाजूला एका पंपापाशी उशीर झाला. मी समोरून पाहिले तर घर काळोखात. आत गेलो. ताराक्का पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बटण दाबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि डाव्या हाताने तोंडावर पदर ओढला. घरातला दिवा परक्याने लावला, याची ती लाज होती. मी आयुष्यात पुष्कळ निकाल ऐकले. इतका कठोर एकही नाही.

परशरामांना मी ते सांगितले. दुसऱ्या दिवशी पलंगाला दोरीचे बटण लटकले. वाकल्या बोटांतून ते निसटे, दाबले जात नसे. ताराक्कांनी दोन दिवसांनी ते ढकलून दिले. मग फळीवरचा टाळीचा दिवा खाली आला. परशरामांनी तो सवयीने जोडलाही. भिंतीवर माइक बसवला, मागे वळले आणि बायकोच्या मांडीवरच्या निर्जीव उजव्या हाताकडे पाहत उभे राहिले. टाळीला दोन हात लागतात! हे त्या क्षणापर्यंत त्यांच्या मनातच आले नव्हते. स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच राहिला.

त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी काहीच केले नाही. नुसते बायकोजवळ बसून ऐकत. मी चिडलो. "परशराम, बाजारात काहीतरी तयार मिळत असेल. मी चौकशीची पत्रे लिहितो."

"थांबा सायेब. ती सांगायली हाय कायतरी."

आणि खरेच सांगत होत्या! डावा हात पलंगाच्या लाकडी कडेवर पडत असे : टकटक... टक. पुन्हा थोड्या वेळाने : टकटक... टक. मी ते महिनाभर ऐकत होतो आणि रोगाचे लक्षण समजत होतो. परशरामांनी ओळखले. विड्यांची जुडी बांधली, की ती सारखी करायला सुपाच्या कडेवर आपटायची, दोनदा भरभर आणि एकदा थांबून. निपाणीत शिकलेली ती ठेक्याची सवय हातात शिल्लक होती.

परशरामांनी माळ्यावरून ताराक्कांचे सूप काढले, पुसले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते लिहिण्याची माझी पात्रता नाही. दोन टिचक्या, विराम, एक टिचकी, असे झाले तरच लागेल असा विजेचा दिवा परशरामांनी देवापुढे दहा-बारा दिवसांत जुळवला. टाळी वाजवा, चुटकी वाजवा, कुकरची शिट्टी होऊ द्या, ढिम्म! सुपावर टकटक... टक झाले की देवापुढे उजेड!

पण गणपती आले. महादेवच्या मंडळाने त्या वर्षी भिंतीएवढे ध्वनिक्षेपक आणले होते. ढोलाच्या रेकॉर्डीत दोन ठोके, विराम, एक ठोका, हे शंभरदा येते. ताराक्कांचा दिवा पिसाटला. लागे, विझे, लागे, विझे. त्यांनी सूप बाजूला सारले आणि भिंतीकडे तोंड केले. जेवण सोडले. तो दिवा पुन्हा परक्यांच्या हुकमावर नाचू लागला होता.

मी पेटलो! ध्वनिप्रदूषणाचे नियम, रुग्णाचे हक्क, मंडपाच्या परवान्यातल्या अटी, तीन प्रतींत तक्रार तयार केली आणि सहीसाठी परशरामांपुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"कायद्यात बसतंय व्हय हे?"

"शंभर टक्के बसते!"

"मग राहू दे बसलेलं," ते म्हणाले. "त्यांचा आवाज बंद केला म्हणून माझं यंत्र शहाणं हुतंय व्हय, सायेब? उद्या लगीन असंल, परवा फटाकं. कितीजणांची तोंडं धरू?"

मी कागद घेऊन तावातावाने निघालो. दारात वळून पाहिले. परशराम उकिडवे बसून त्या सुपाला कान लावत होते. गाल बांबूच्या कामट्यांवर, डोळे मिटलेले. मग एकदम उठले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चुकलो, सायेब! जन्मभर चुकलो! मी यंत्राला कान लावतो, आनि यंत्राचा कान ठेवला हवेत! हवेत काय, दुनिया बोलती. कान सुपालाच लावाय पायजे!"

दिव्याला कान कुठे असावा, एवढाच प्रश्न होता! खेळण्यातल्या भोंग्यात असते तशी पितळी चकती त्यांनी सुपाच्या पाठीला चिकटवली. ती हवेतले ऐकत नाही; जिला चिकटली, त्या वस्तूचा थरथराट तेवढा ऐकते. जमिनीचा हादरा पोचू नये म्हणून सुपाखाली चौपदरी वाकळ. भिंतीवरचा माइक काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला, जसा काही मुद्देमाल.

गौरी आल्या त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही सोप्यावर जमलो. महादेवही आला होता. "आण्णा, बंद करू काय साउंड?" त्याने विचारले. चेहरा पडलेला. परशराम म्हणाले, "न्हाय. वाढीव."

आवाज वाढला. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. देवापुढचा दिवा निश्चल विझलेला. ताराक्कांनी एकदा नवऱ्याकडे पाहिले. वाकलेली बोटे सुपावर उतरली. टकटक. विराम. टक.

दिवा लागला!

माझे दोन्ही हात आपोआप वर आले आणि अर्ध्यावर थांबले. सगळ्यांचेच थांबले. इतक्या वर्षांची भीती होती ना, टाळी वाजवली की दिवा जायचा! परशराम आमच्याकडे वळले. त्यांना इतके मोठ्याने बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

"वाजवा की! आता खुशाल वाजवा! हलणार न्हाय दिवा!"

आणि आम्ही वाजवल्या! महादेवने वाजवल्या, बायकांनी वाजवल्या, मी, तीन प्रतींत तक्रार लिहिणाऱ्याने, तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. बाहेर ढोल, आत टाळ्या, आणि मध्ये देवापुढचा तो दिवा शांत. ताराक्कांच्या तोंडून 'अं' असा आवाज आला. त्या हसत होत्या.

यानंतर गल्लीत एक नवा प्रकार दिसू लागला. परशराम संध्याकाळी लवकर परतले, तर सरळ घरात शिरत नसत. कोपऱ्यावर, माझ्या खिडकीखाली, पिशवी खांद्याला लावून थांबत. पुढे निपाणीला दिलेल्या लेकीने दोघांना आपल्या घरी नेले. तिथेच दोन वर्षांनी परशराम गेले. ताराक्का आहेत, आणि सूपही आहे.

परशरामांना मी शेवटचे पाहिले, ते निपाणीला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी. भुरभुर पाऊस होता. सामान बांधून झालेले, घर उघडे, तरी हा गृहस्थ कोपऱ्यावर भिजत उभा. मी खिडकी उघडून खेकसलो, "परशराम, स्वतःच्या घरात जायला कोणाची परवानगी हवी आहे? आत जा!"

त्यांनी बोट वर केले. गिऱ्हाइकाला गप्प करताना करीत, तसेच.

"थांबा, सायेब. दिवा लावायचं काम तिचं हाय."

आम्ही दोघे अंधारणाऱ्या घराकडे पाहत राहिलो. मी खिडकीत, ते पावसात. मग देवापुढे उजेड झाला. परशरामांनी पायरीवर पाय पुसले आणि आत गेले.